बगळ्यांचे झाड तोडू नका, खुराड्याची जागा बदला

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार. आमचे गाव भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्यालगत आहे. घरी दोन गायी, चार शेळ्या आणि पंचवीसेक गावठी कोंबड्या आहेत. कोंबड्या-अंड्यांचा पैसा तेवढा माझ्या हातात राहतो. घरामागच्या बाभळीवर रोज तिन्हीसांजेला शेकडो बगळे येऊन बसतात आणि खालचे खुराडे व कडब्याची गंजी विष्ठेने पांढरी होते. हिवाळ्यात धरणावर रोहित (फ्लेमिंगो) आणि बाहेरदेशची बदकेही उतरतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांत मिळून सात-आठ कोंबड्या मेल्या. दोन दिवसांनी आमच्या बांधावर एक मेलेला कावळा पडला होता, तो माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने हाताने उचलून उकिरड्यावर टाकला. आता गावात म्हणतात की पाखरेच रोग आणतात, बाभूळ तोडा आणि धरणाकाठी फटाके वाजवून थवे उठवा. सासूबाई म्हणतात, रोग घरात शिरण्याआधी कोंबड्या बाजारात विकून टाकू. पाखरांपासून आम्हाला आणि गायींना खरेच धोका आहे का? दूध प्यावे का? आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर

ताई, स. न. वि. वि.

बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी मुलाकडे पाहू. एकदाच, तेही क्षणभर मेलेला पक्षी हाताळल्याने माणसाला बर्ड फ्लू होण्याची शक्यता फार कमी असते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र त्याने कावळा उचलला त्या दिवसापासून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. ताप, खोकला, घसादुखी, डोळे लाल होणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि डॉक्टरांना सगळ्यांत आधी हे सांगा की याने मेलेला कावळा हातात धरला होता. हे सांगितले नाही, तर हिवाळ्यातली साधी सर्दी म्हणून औषध दिले जाईल. या आजारावर चालणारे ओसेल्टामिवीर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. उकिरड्यावरच्या त्या कावळ्याला आता कोणी हात लावू नये आणि कुत्र्या-मांजरांनाही तिकडे फिरकू देऊ नये. मांजरांना तर हा आजार जिवावर बेततो.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे घटनांचा क्रम. आधी शेजारच्या कोंबड्या मेल्या आणि नंतर कावळा मेला. सुटा कावळा विषारी आमिषाने किंवा विजेच्या तारेला चिकटूनही मरतो, म्हणून एका कावळ्यावरून रोगाचा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु कोंबड्यांपाठोपाठ कावळा मेला असेल, तर त्या मेलेल्या कोंबड्यांचे शेजाऱ्यांनी काय केले हे विचारायला हवे. आपल्याकडे मेलेली कोंबडी बहुतेक वेळा उकिरड्यावर, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकली जाते, कावळे तिच्यावर तुटून पडतात आणि दोन-चार दिवसांत त्यांना लागण होते. म्हणजे पाखराने गावात रोग आणला असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा गावानेच तो पाखराला दिलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत ते बर्ड फ्लूनेच मेल्याचे स्पष्ट झाले. कावळा गावात सगळीकडे फिरतो आणि सगळे खातो, त्यामुळे एकाच ठिकाणी अनेक कावळे मेलेले दिसणे ही गावासाठी धोक्याची सूचना समजावी.

तेव्हा हे पत्र वाचाल त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेल्या कोंबड्या, कावळा आणि साधारण किती दिवसांत काय घडले, एवढे सांगितले तरी पुरे. नमुने पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. भोपाळचा अहवाल आल्याशिवाय बर्ड फ्लू आहे असे कोणीही जाहीर करू शकत नाही, आणि तो नाही असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. रानपाखरे रोग वाहतात का? होय, वाहतात, आणि ही गोष्ट लपवून पाखरांचे भले होणार नाही. रानबदके, हंस, कुरव आणि चिखलात चरणारे पाणपक्षी हे इन्फ्लुएन्झा विषाणूचे जुने यजमान आहेत. विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो, विष्ठेवाटे पाण्यात उतरतो आणि बऱ्याचदा पक्षी वरकरणी ठणठणीत असतो. थंड पाण्यात हा विषाणू कित्येक आठवडे तग धरतो, तर ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. म्हणूनच हिवाळ्यातले जलाशय ही त्याच्या सोयीची जागा असते. पाणपक्ष्यांत सौम्य असलेल्या या विषाणूचे काही प्रकार कोंबड्यांच्या दाटीत शिरले की बदलत जातात आणि दोन-तीन दिवसांत अख्खे खुराडे रिकामे करणारे रूप घेतात. आज जगभर धुमाकूळ घालणारी बर्ड फ्लूच्या विषाणूची एच-५-एन-१ ही शाखा १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांत प्रथम सापडली. पाळीव पक्ष्यांत तीव्र झालेला हा विषाणू पुढे रानपाखरांत परत गेला. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर त्याने ६ हजारांहून अधिक रानपाखरे मारली आणि त्यांत पट्टकादंब हा हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारा हंस सर्वाधिक होता. हिमाचल प्रदेशातील पोंग धरणावर २०२०-२१ च्या हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी मेले, तेथेही बहुसंख्य पट्टकादंबच होते. उजनीवर हाच पक्षी हिवाळ्यात येतो. त्यामुळे तुमच्या गावकऱ्यांची भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली, आणि नवापूर हे कोंबडीपालनाचे केंद्र होते, पक्षीअभयारण्य नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, त्याही खुराड्यांतल्या होत्या. रानपाखरू लांबचे अंतर कापून विषाणू एखाद्या जलाशयापर्यंत आणू शकते, परंतु एका गावातून दुसऱ्या गावात तो नेण्याचे काम पिंजऱ्यांची गाडी, न धुतलेले अंड्यांचे ट्रे, चिखलाच्या चपला, आठवडी बाजारातून आणलेली स्वस्त कोंबडी आणि मेलेल्या पक्ष्यांची उघड्यावरची विल्हेवाट या गोष्टी कितीतरी चोखपणे करतात. यांतले सगळे आपल्या हातात आहे. आकाशातून जाणारा थवा मात्र आपल्या हातात नाही, आणि माझ्या मते गावाची सगळी शक्ती नेमकी तिकडेच वाया जाते आहे.

उजनीच्या रोहित पक्ष्यांविषयी येथेच सांगतो, कारण दरवर्षी हिवाळ्यात त्यांच्यावर सायबेरियातून रोग आणल्याचा ठपका येतो. हे रोहित मुख्यतः कच्छच्या रणात वाढलेले असतात, म्हणजे ते आपल्याच देशातले आहेत. बाभळीवरचे बगळे तर त्याहून जवळचे. ते दिवसभर तुमच्याच गावच्या शिवारात गुरांमागे फिरून नाकतोडे आणि माश्या टिपतात आणि रात्री झाडावर येतात. ते परदेशातून आलेले नाहीत.

फटाके वाजवून थवा उठवल्याने काय होते, याचा विचार करा. निरोगी पक्षी उडून जातात, पण लागण झालेला पक्षी थोडे अंतर जाऊन दुसऱ्या पाणवठ्यावर, कदाचित दुसऱ्या गावच्या विहिरीशी उतरतो. एका ठिकाणी असलेले संकट आपण चार ठिकाणी पसरवतो. बाभूळ तोडली तर तेच बगळे शेजारच्या चिंचेवर किंवा वडावर जातात, आणि ती चिंच कोणाच्या तरी खुराड्यावरच असते. शिवाय पावसाळ्यात याच झाडावर घरटी आणि पिले असतील, तर त्यांना धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो. तेव्हा झाड राहू द्या आणि झाडाखालचे खुराडे हलवा. बाभळीपासून पंधरा-वीस पावले दूर जागा निवडा, वर पत्रा टाका, म्हणजे विष्ठा आत पडणार नाही, आणि चारही बाजूंना चिमणीसुद्धा शिरणार नाही इतक्या बारीक घराची जाळी लावा. गावठी कोंबडी दिवसभर कोंडून ठेवणे जड जाते, हे मला ठाऊक आहे, म्हणून ऑक्टोबर ते मार्च एवढ्या काळापुरते तरी त्यांना जाळीच्या आवारात फिरू द्या. आवाराचा खर्च जुन्या मासेमारीच्या जाळ्यातही भागतो, आणि तुमच्या गावात तशी जाळी मिळायला अडचण पडू नये.

पाण्याविषयी थोडे जास्त सांगतो, कारण लागण बऱ्याचदा येथूनही होते. थंडी सरता सरता धरणाचे पाणी उतरू लागते, काठ उघडा पडतो, त्यावर गाळपेर होते आणि कोंबड्या त्या ओल्या गाळात किडे-दाणे टिपायला जातात. त्याच चिखलात आदल्या रात्री बदके चरलेली असतात. या गाळात गेलेली कोंबडी आणि तेथून चालत आलेली चप्पल, दोन्ही मार्ग बंद करायला हवेत. कोंबड्यांना बोअरचे किंवा नळाचे पाणी द्या, ते उघड्या पसरट घमेल्यात न देता तळाच्या थाळीत थोडे थोडे उतरणाऱ्या पालथ्या भांड्यात द्या, आणि भरडा झाडाखाली न फेकता छपराखालीच घाला. संध्याकाळी उरलेला दाणा उचलून ठेवा, कारण उघड्यावरच्या दाण्याला कावळे, चिमण्या आणि कबुतरे हमखास येतात. खुराड्यापाशी एक चपलेचा जोड कायमचा ठेवा, तो घालून आत जावे आणि बाहेर येताच काढावा, म्हणजे शेतातली किंवा बाजारातली घाण आत जाणार नाही. ही साधी गोष्ट मोठमोठे कोंबडीपालक नियमाने पाळतात आणि घरगुती कोंबडीवाले सोडून देतात.

बदके पाळायचा विचार असेल, तर ती कोंबड्यांसोबत ठेवू नका. बदक विषाणू बाळगते, तरी आजारी दिसेलच असे नाही. बाजारातून आणलेली नवी कोंबडी किमान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी आणि आधी जुन्या पक्ष्यांना व शेवटी नव्या पक्ष्याला दाणा घालावा.

गायींचे म्हणाल, तर तुमची काळजी समजण्यासारखी आहे, कारण मार्च २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच-५-एन-१ पसरल्याच्या बातम्या आल्या. तेथे रानपाखरांतून विषाणू गायीत आला खरा, पण त्यापुढचा प्रसार मुख्यतः दूध काढण्याची यंत्रे आणि गायींची ने-आण यांतून झाला. बगळा गायीच्या पाठीवर बसला म्हणून गाय आजारी पडत नाही. दूध नेहमीप्रमाणे चांगले उकळून प्या, उकळलेल्या दुधात हा विषाणू जगत नाही. मात्र अचानक दूध घटून ते घट्ट व पिवळसर होऊ लागले आणि त्याच दिवसांत आसपास पाखरे मेली असतील, तर पशुवैद्यकांना ते आवर्जून सांगा. गायी-शेळ्यांच्या बाबतीत खरा त्रास कडब्याच्या गंजीचा आहे. विष्ठेने माखलेला चारा आणि उघडा हौद यांतून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जाऊन वासरांना हगवण लागू शकते. गंजी झाडाखालून हलवा किंवा तिच्यावर ताडपत्री टाका, आणि हौद आठवड्यातून एकदा घासून, चुना लावून कोरडा होऊ द्या. झाडाखालची साचलेली वाळकी विष्ठा झाडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडा आणि तोंडाला फडके बांधा. कोरडी विष्ठा झाडली की तिची धूळ फुप्फुसात जाते, आणि शहरांतल्या गच्च्यांवर कबुतरांच्या विष्ठेमुळे दम्यासारखे आणि त्याहून गंभीर फुप्फुसाचे आजार होतात, ते याच वाटेने.

बगळ्यांच्या संबंधात आणखी एका आजाराचे नाव तुम्ही ऐकाल, जपानी मेंदूज्वर. त्याचा विषाणू बगळे आणि ढोकरी यांच्या रक्तात वाढतो, डुकरांत आणखी वाढतो, आणि भातखाचरांसारख्या साचलेल्या पाण्यात जन्मलेल्या क्युलेक्स डासाच्या चाव्याने माणसाला होतो. विष्ठेतून किंवा झाडाखाली बसल्याने तो होत नाही, म्हणून येथे झाडापेक्षा मच्छरदाणी, साचलेले पाणी आणि डुकरांचे कोंडवाडे यांकडे लक्ष द्यायला हवे. या आजारावर लहान मुलांसाठी लस आहे. आपल्या गावात ती दिली जाते का, हे आशाताईंना विचारून घ्या.

सासूबाईंच्या सूचनेवर मला स्पष्टच बोलले पाहिजे. शेजारी कोंबड्या मेल्या असताना आपल्या कोंबड्या आठवडी बाजारात नेऊन विकणे हा रोग पसरवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्या कोंबड्या ज्या घरी जातील तेथेही एखादी नऊ वर्षांची मुले असतीलच. आजारी कोंबडी घाईघाईने कापणे तर त्याहून वाईट. २००३ पासून जगभरात एच-५-एन-१ ची लागण झालेल्या ९०० हून अधिक माणसांची नोंद आहे आणि त्यांतले जवळपास निम्मे रुग्ण दगावले. सौम्य आजाराची नोंद होत नसल्यामुळे हे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसत असेल, तरी ज्यांना लागण झाली त्यांतले बहुतेक आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळणारे होते. कापताना, पिसे उपटताना, आतडी काढताना विषाणू हातांवर आणि श्वासात जातो. ७० अंशांवर आतपर्यंत शिजलेल्या मांसात आणि पूर्ण उकडलेल्या अंड्यात तो राहत नाही. त्यामुळे निरोगी कोंबडीचा रस्सा आणि अंडी खायला हरकत नाही, कच्चे मांस मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

कळवले तर सरकार येऊन सगळ्या कोंबड्या मारून टाकील, ही भीती गावोगाव असते आणि ती खोटी नाही. रोग निश्चित झाला तर १ किलोमीटर परिघातले पक्षी नष्ट केले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. मात्र त्या कारवाईत नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जो लपवतो त्याचे पक्षीही जातात आणि पैसाही जातो. हे शेजाऱ्यांना तुम्ही शांतपणे सांगाल, तर मला वाटते ते ऐकतील.

शेवटी एक शक्यता सांगतो, ती मनात ठेवून अहवालाची वाट पाहा. गावठी कोंबड्या हिवाळ्यात अशा मरतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा राणीखेत असते, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात. हिरवट-पांढरी हगवण, श्वासाची घरघर आणि मान वाकडी होऊन गरगर फिरणे ही त्याची खूण आहे. लक्षणांवरून तो बर्ड फ्लूपासून वेगळा ओळखणे पशुवैद्यकालाही कठीण जाते. रानकबुतरेही त्याचा विषाणू वाहतात. पण याला लस आहे, ती स्वस्त आहे, आणि तुमच्या पंचवीस कोंबड्यांसाठी मी जे काही सुचवले त्यात ती सर्वाधिक उपयोगाची आहे. पिलू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यावी, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पिण्याच्या पाण्यातून द्यावी आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. पाण्यातून देताना नळाचे क्लोरीन असलेले पाणी वापरू नका, त्याने लस निकामी होते, आणि लस दवाखान्यातून बर्फात घालून आणा, पिशवीत उन्हातून आणलेल्या लसीचा काही उपयोग होत नाही. आजारी घरात लस देऊ नये, म्हणून आधी अहवाल येऊ द्या. रोग नाही असे ठरले, की शेजारच्या दोन घरांशी बोलून एकाच दिवशी तिन्ही घरच्या पक्ष्यांना लस द्या. एक कुपी १०० किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, उघडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते, आणि तिन्ही घरे एकत्र आली तर तिची किंमतही वाटून घेता येईल.